कसा गेला ते सांगा

डिसेंबर उजाडला की आमच्या घरी दोन तारखांची चाहूल लागायची. ४ तारखेला आजोबा सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ओसरीवर बसत. तो नौदल दिन. १९७१ साली त्या रात्री 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला होता. वाडीतली पोरं जमत, आजोबा फरशीवर खडूने समुद्र काढत आणि सांगता सांगता त्यांचा आवाज चढत जाई. ९ तारखेला मात्र ते बोलत नसत. आजारी नसत, कोणावर रागावलेलेही नसत. जेवायचे, अबोलीला पाणी घालायचे, पण तोंडातून शब्द नाही. आम्ही नातवंडं मागे लागलो की आजी डोळे वटारायची.

त्या ९ तारखेच्या रात्री 'आयएनएस खुकरी' बुडाली. दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीचा पाणतीर तिला लागला आणि काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. आजोबा त्या वेळी पश्चिम ताफ्यातल्या दुसऱ्या एका जहाजावर बॉयलर रूममध्ये होते. लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त प्रशिक्षणाला असताना ज्याच्या शेजारी त्यांची खाट होती, तो सोबती 'खुकरी'वर होता. तो परतला नाही.

युद्ध संपल्यावर पहिल्याच मोठ्या रजेत आजोबा त्या सोबत्याच्या गावी गेले. त्याची आई विधवा होती. तिथे जाताना काय बोलायचं हे त्यांनी एसटीत बसून मनाशी घोकलं होतं. तुमचा मुलगा देशासाठी गेला, तुम्ही वीरमाता आहात, सगळं नौदल तुमच्या पाठीशी आहे. हे सगळं ते बोलले. बाई शांतपणे ऐकत होत्या. बोलणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ते समदं खरं. पण तो कसा गेला, ते सांगा."

आजोबांना ते माहीत नव्हतं. आयुष्यभर त्यांच्या मनात ते सलत राहिलं, आणि मला वाटतं त्यांच्याकडून मी जे काही शिकले ते सगळं त्या एका प्रश्नातून आलं. या लेखात मला म्हणायचं आहे ते एवढंच, की त्या आईचा प्रश्न आपल्या सार्वजनिक जीवनात आपण विचारायचं थांबवलं आहे. युद्धातल्या अपयशांचे चौकशी अहवाल ठरावीक वर्षांनी खुले झाले पाहिजेत. आणि ते खुले करायला सरकारला लाज वाटेल इतक्या आग्रहाने आपण, साध्या नागरिकांनी, ते मागितले पाहिजेत.

आजोबा 'कोणी' हा शब्द उशिरा वापरत. घरात काचेची बरणी फुटली की आई विचारायची, "कोणी फोडली?" आजोबा विचारायचे, "कशी फुटली?" बरणी कुठे होती, कडेला होती का, हात ओला होता का, खाली काय होतं. पाच मिनिटांनी कळायचं की फळीच उतरती आहे, आणि मग ते हातोडी घेऊन फळीखाली पाचर ठोकत. ज्याच्या हातून बरणी पडली त्याला रागावणं बहुतेक वेळा राहूनच जाई.

हे त्यांना जहाजाने शिकवलं होतं. त्यांच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा गुळगुळीत, गुलाबी डाग होता. त्याच डिसेंबरात एका रात्री वाफेचा एक व्हॉल्व्ह चुकीचा उघडला गेला आणि वाफ त्यांच्या हातावर आली. उघडणारा पोरगा वीस वर्षांचा होता, थरथर कापत होता. आता त्याची खैर नाही असं सगळ्यांना वाटलं. त्यांच्या चीफने आधी आजोबांना औषधोपचाराला पाठवलं, मग कंदील घेऊन तो स्वतः व्हॉल्व्हपाशी गुडघ्यावर बसला. दुरुस्तीच्या वेळी दोन पाट्यांची अदलाबदल झाली होती. त्या रात्री झोप बाजूला ठेवून बॉयलर रूममधली प्रत्येक पाटी तपासली गेली आणि आणखी एक उलटी निघाली. "त्या पोराला शिक्षा देऊन आम्ही झोपलो असतो तर ती दुसरी पाटी तशीच राहिली असती, बाय," आजोबा म्हणायचे. हे सांगताना नकळत त्यांचा हात त्या डागावरून फिरायचा.

अंधारात दार शोधायचा खेळही त्यांचाच. डोळ्यांवर फडकं बांधून आम्हाला खाटेपासून मागच्या दारापर्यंत जायला लावत. पावलं मोजायची, भिंतीला हाताची मागची बाजू लावायची, घाबरायचं नाही. बुडत्या जहाजात दिवे जातात, जहाज कलंडतं, जमीन भिंत होते आणि भिंत छत होते, म्हणून वाट पायांना पाठ हवी. लहानपणी मला तो खेळ वाटायचा. मोठी झाल्यावर कळलं की ज्या वाटेने त्यांचा सोबती बाहेर येऊ शकला नाही, ती वाट ते आमच्याकडून पाठ करून घेत होते.

आता 'खुकरी'बद्दल. जे सार्वजनिक आहे तेवढंच सांगते, कारण तेवढ्यानेही माझा मुद्दा स्पष्ट होतो. 'खुकरी' १९५८ साली नौदलात आली, 'हंगोर' १९६९ साली. पाणबुडी शोधणारं जहाज पाणबुडीपेक्षा अकरा वर्षांनी जुनं होतं. पाण्याखाली ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा, ही 'सोनार' या यंत्राची पद्धत. पण अरबी समुद्रात वरचं पाणी उबदार आणि खालचं थंड असतं. दोन थरांच्या सीमेवर ध्वनी वाकतो, आणि त्या थराखाली दबा धरून बसलेली पाणबुडी वरच्या जहाजाला ऐकू येत नाही. सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी 'खुकरी'वर एक नवा प्रयोग चालू होता, त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. आणि पाणबुडीच्या टापूत संथ चालणारं जहाज म्हणजे सोपं लक्ष्य. हे सगळं नौदलाच्या स्वतःच्या अधिकृत इतिहासलेखनात चर्चिलं गेलं आहे. ते लिहिणाऱ्यांचा मी मनापासून आदर करते. पण आपल्या शाळांत, भाषणांत, ९ डिसेंबरच्या बातम्यांत यातलं काय येतं? कॅप्टन जहाजाबरोबर गेले, इतकंच. ते खरं आहे आणि थोर आहे. पण १९४ माणसांच्या मरणाचं ते कारण नव्हे.

आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण कारणं दडवली की काय होतं ते तिच्यातून दिसतं. 'खुकरी'बरोबर 'कृपाण' हे दुसरं जहाज होतं. पाण्यात पडलेल्यांना लगेच उचललं गेलं नाही, सुटका दुसऱ्या दिवशी झाली. हे ऐकून एखादा माणूस चटकन म्हणेल, सोबत्यांना टाकून गेले. आजोबांसमोर माझ्या एका मामाने तसं म्हटलं होतं. आजोबांनी त्याला बसवलं आणि १९१४ सालची गोष्ट सांगितली. २२ सप्टेंबरला उत्तर समुद्रात 'अबूकिर' या ब्रिटिश क्रूझरला एका जर्मन पाणबुडीने बुडवलं. बरोबरची 'होग' आणि 'क्रेसी' ही जहाजं माणसं उचलायला थांबली, आणि त्याच पाणबुडीने दोन्ही बुडवली. सुमारे दीड तासात तीन जहाजं आणि १,४०० हून अधिक माणसं गेली. पाणबुडी जवळ असताना थांबायचं नाही, ही नौदलांची शिकवण त्या माणसांच्या जिवावर उभी आहे. "ज्याला हे माहीत नाही तो आयुष्यभर चुकीच्या माणसाला शिव्या देईल," आजोबा मामाला म्हणाले. ते कधी कोणावर आवाज चढवून बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

अहवाल बंद ठेवल्याने मेलेल्यांचा मान राखला जातो असं जे म्हणतात, त्यांनी याचा विचार करावा. माहिती नसली की पोकळी रिकामी राहत नाही, तिथे कुजबुज शिरते. मग कोणीतरी कॅप्टनला बेफिकीर ठरवतो, कोणी सोबतच्या जहाजाला भित्रं, कोणी वरच्या अधिकाऱ्यांना विकले गेलेले. जे जिवंत परतले त्यांना हे सगळं ऐकत म्हातारं व्हावं लागतं. उघड्या चौकशीची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच असते.

आपल्या देशात हे अशक्य आहे असंही नाही. कारगिलचं युद्ध संपताच २९ जुलै १९९९ रोजी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवला गेला. घुसखोरी वेळेत का कळली नाही, गुप्तवार्ता यंत्रणा कुठे कमी पडल्या, हे त्यात लिहिलं होतं. त्याने कारगिलच्या जवानांची उंची तसूभरही कमी झाली नाही. उलट १९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी केली, अहवाल १९६३ मध्ये दिला गेला आणि तो आजही सरकारने खुला केलेला नाही. साठ वर्षं उलटली. त्या युद्धातल्या बंदुका, रस्ते, नकाशे, बिनतारी यंत्रं, सगळं इतिहासजमा झालं. आता त्यात उरलं असेल ते कोणाच्या तरी निर्णयांचं वर्णन.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांच्या इतिहासलेखनाचं धोरण जाहीर केलं. युद्ध किंवा मोहीम संपल्यावर दोन वर्षांत समिती, त्यापुढच्या तीन वर्षांत इतिहास पूर्ण, आणि कागदपत्रं साधारणपणे २५ वर्षांनी खुली. चांगलं धोरण आहे. पण त्यातल्या 'साधारणपणे' या शब्दात पुष्कळ कपाटं बंद राहू शकतात. माहिती अधिकार कायद्यातही २० वर्षांनंतर बरेचसे अपवाद गळून पडतात, सुरक्षेचा अपवाद मात्र राहतो. म्हणून केवळ कायद्याकडे बोट दाखवून भागत नाही. समाज म्हणून आपल्याला ते कागद हवेत का, हा खरा प्रश्न आहे. आणि मला भीती वाटते की आपल्याला ते नको आहेत. आपल्याला हवा आहे हार, पुतळा आणि दोन मिनिटांची शांतता.

गुप्ततेचा मुद्दा मी टाळत नाही. आजची पाणबुडी कुठे आहे, तिचा सोनार किती लांबचं ऐकतो, हे कोणी मागत नाही आणि मागूही नये. पण १९७१ च्या सोनारमध्ये कसलं गुपित उरलं? ती 'हंगोर' स्वतः कराचीतल्या सागरी संग्रहालयात उभी आहे, शाळेची मुलं तिच्यात चढून फिरतात. आपल्याकडे दीवच्या किनाऱ्यावर काचेच्या पेटीत 'खुकरी'ची प्रतिकृती आहे, समोर समुद्र आहे. मी तिथे आजोबांना घेऊन गेले होते. ते प्रतिकृतीच्या मागच्या बाजूला बराच वेळ उभे होते. मी जवळ गेले तेव्हा बोटाने काचेवरून, बाहेरूनच, बॉयलर रूम कुठे असेल ते दाखवत होते. मग म्हणाले, "हितून वर यायला शिडी. दोन हॅच." आणि गप्प झाले.

एका आक्षेपाशी मात्र मी मनातल्या मनात खूप झगडले आहे. मागाहून शहाणपण सांगणं सोपं असतं, असं लोक म्हणतात. रात्रीच्या समुद्रावर, अपुऱ्या माहितीवर, थकलेल्या माणसांनी घेतलेले निर्णय पन्नास वर्षांनी पंख्याखाली बसून तपासणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. हे खरं आहे. आजोबांनाही ते पटायचं. पण त्यावर उपाय काय? त्या माणसांना त्या क्षणी काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, त्यांच्यासमोर कोणते पर्याय होते, हे जसंच्या तसं नोंदलेलं असणं. चांगला चौकशी अहवाल नेमकं हेच करतो. तो वाचणाऱ्याला त्या रात्रीत नेऊन उभं करतो. अहवाल बंद असला की आपल्या हातात फक्त शेवट उरतो, आणि शेवटाकडून मागे पाहणाऱ्याला प्रत्येक पाऊल चुकीचंच दिसतं. म्हणजे मागाहूनच्या शहाणपणापासून त्या माणसांना वाचवायचं असेल तर तो कागद उघडाच करावा लागेल.

आणि जबाबदारी. कारण शोधायचं म्हणजे जबाबदारी कोणाचीच नाही, असा अर्थ कोणी काढू नये. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट होऊन १८ जण गेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'सिंधुरत्न'वर आग लागून दोन अधिकारी गेले, आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. ती बातमी टीव्हीवर आली तेव्हा आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मला ते दृश्य आजही दिसतं. पण रात्री जेवताना म्हणाले, "मोठा माणूस. आता ती आग कशी लागली ते पण सगळ्यांना सांगायला हवं." राजीनामा आणि कारण, दोन्ही त्यांना हवं होतं. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्याची मुळं कदाचित त्यांच्या लहानपणात होती. आमचं गाव रेवसच्या बाजूचं. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा आजोबा सात वर्षांचे होते. घराघरात रडणं होतं. त्या दिवशी गटारी अमावास्या होती, आणि गावातली वडीलधारी माणसं पुढे कित्येक वर्षं एवढंच म्हणत राहिली की अवसेला निघायलाच नको होतं. बोटीवर जीवरक्षक साधनं पुरेशी होती का, पावसाळ्यात किती माणसं घ्यावीत, संकटाची खबर किनाऱ्याला कशी कळवायची, हे त्या ओट्यांवर कोणी बोलत नव्हतं. आजोबा नौदलात गेले, तिथे जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं ते पहिल्याच आठवड्यात शिकले, आणि त्यांना आपल्या गावाचा राग आला. ते मला म्हणाले होते, अवस दर महिन्याला येते, बोट रोज का बुडत नाही?

आज आपण अवस म्हणत नाही. आपण नियती म्हणतो, निसर्गाचा कोप म्हणतो, आणि मरणारा गणवेशात असेल तर बलिदान म्हणतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री आमच्याच जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. वर्षाच्या आत तिथे नवा पूल उभा राहिला, आणि तो बांधणाऱ्यांचं कौतुक झालंच पाहिजे. पण जुना पूल कसा पडला, त्याच्या पायाची शेवटची पाहणी कोणी, कशी केली होती, हे त्या जिल्ह्यातल्या किती माणसांना सांगता येईल? मी शाळेत शिकवते. दहावीच्या वर्गात विचारलं होतं. नवा पूल किती लवकर झाला ते चौघांनी सांगितलं.

बलिदान हा शब्द मी टाकून द्या म्हणत नाही. ज्यांनी स्वतःहून जीव दिला त्यांच्यासाठी तो आहेच. कॅप्टन मुल्लांसाठी आहे. पण कदाचित बॉयलर रूममध्ये पाळीवर असलेल्या, काय झालं ते कळायच्या आत गेलेल्या पंचविशीतल्या पोरासाठी तो शब्द वापरताना थोडं थांबावं. त्याने जीव दिला की त्याचा जीव गेला? दिला म्हटलं की हिशेब त्याच्याकडे संपतो. गेला म्हटलं की आपल्याला पुढे विचारावं लागतं. त्याच्या आईला हा फरक कळत होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईने वीरमाता हा शब्द हातात घेतला, बाजूला ठेवला, आणि आपला प्रश्न विचारला.

आजोबा तिच्याकडे नंतरही जात राहिले. ९ डिसेंबरनंतरचा पहिला रविवार ठरलेला असे. दरम्यान त्यांनी 'खुकरी'वरून वाचलेल्या दोघांना गाठलं. त्या रात्री हा मुलगा खाली पाळीवर होता की मेसमध्ये, हे दोघांनाही नक्की सांगता आलं नाही. एकाला वाटत होतं खाली, दुसऱ्याला वाटत होतं वर. आजोबांनी हेही त्या बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने एखादी बरी गोष्ट रचली असती. त्रास झाला नाही, झोपेत गेला, असं काहीतरी. मी एकदा त्यांना विचारलंही होतं, का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "तिनं माझ्यावर विश्वास ठेवून विचारलं होतं."

शेवटच्या वर्षी मी बरोबर गेले होते. बाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, नजर गेली होती. सुनेने कानाशी जाऊन सांगितलं, बोटीवरचे भाऊ आलेत. त्यांनी हात पुढे केला, आजोबांनी तो धरला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "कायी कळलं का?"

"नाही आक्का," आजोबा म्हणाले. "अजून नाही."

"कळलं की सांगा," त्या म्हणाल्या, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.